सतरा नंबरच्या खाटेचा पडदा

भरल्या वॉर्डात, भेटीच्या वेळी, एका म्हाताऱ्या बाईला मी तिच्या व्याह्यासमोर ओरडून विचारलं, "सतरा नंबर, संडास झाली का?" त्या दिवसापासून तिनं पाणी पिणं बंद केलं.

एवढीच गोष्ट आहे. पुढचं सगळं निस्तरण्याचं आहे, आणि तेही माझ्याकडून धड झालं नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ब्रदर, रुग्णसेवेतल्या हृद्य आठवणी लिहा." मी म्हटलं, "हृद्य नाहीत, फजितीच्या आहेत." ते म्हणाले, "चालेल, पण जरा हृद्य करून लिहा." निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. गुडघे गेलेत, कंबर त्यांच्याही आधी गेली होती. काही हृद्य करून दाखवायची ताकद आता अंगात नाही. झालं तसं लिहितो.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होतो. नर्स बाई असली तर सिस्टर आणि पुरुष असला तर ब्रदर, हे फक्त दवाखान्यातल्या लोकांना माहीत. पेशंटच्या लेखी मी सुई टोचण्याआधी 'डॉक्टरसाहेब', टोचल्यावर 'कंपाउंडर', आणि सलाईन संपून नळीत रक्त उलटं चढायला लागलं की 'अबे ओ भैया'. लग्नाच्या वेळी सासऱ्यांना सांगितलं होतं की मुलगा दवाखान्यात वॉर्ड सांभाळतो. त्यांनी गावभर केलं, जावई वॉर्डाचे मालक आहेत. पुढं ते स्वतः पाय मोडून आमच्याकडे दाखल झाले, आणि शेजारच्या खाटेखालचा बेडपॅन उचलून नेताना त्यांनी मालकाला पाहिलं. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनाच बेडपॅन लागला, मग बोलले.

माझी बहुतेक नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली. एक लांबलचक हॉल, मधे छातीइतकी भिंत, भिंतीच्या अलीकडे बायका आणि पलीकडे पुरुष, मिळून चाळीस खाटा. पाळीला एक सिस्टर, एक ब्रदर आणि एक आया. ब्रदर एवढ्याचसाठी की मोडक्या हाडाचा माणूस उचलायला जोर लागतो. माझ्या बुद्धीसाठी मला तिथं कोणी बसवलं नव्हतं.

बाहेरच्या लोकांना या वॉर्डाचं एक समजत नाही. तापाचा माणूस ग्लानीत असतो, त्याला कोणी पुसलं काय, उलटवलं काय, कळत नाही. हाडाच्या पेशंटला बाकी काही झालेलं नसतं. डोकं शाबूत, कान शाबूत, लाज शाबूत. फक्त उठता येत नाही. खाणं, अंग पुसणं, संडास, लघवी, सगळं खाटेवर आणि सगळं दुसऱ्याच्या हातानं. वर आमच्या हातात एक कागद. पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं, ते त्यावर लिहायचं. डॉक्टर राउंडला आले की पेशंटच्या आधी तो कागद बघतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. एका पाटलांनी मला ते आधीच शिकवलं होतं. मी शिकलो नव्हतो, ही वेगळी गोष्ट.

ते नागपूरच्याही पलीकडे, आमच्या झाडीपट्टीतल्या गोरेगावकडचे मोठे धानवाले शेतकरी. पांढरं धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. साखरेचा आजार आणि पायाला जखम. एक्स-रे काढायचा होता. मी त्यांचं धोतर सोडायला लावलं आणि दवाखान्याचा गाऊन घातला. आमचे गाऊन मागून उघडे असतात आणि बांधायला तीन नाड्या असतात. असतात म्हणजे शिवताना असतात. त्या गाऊनला एकच उरली होती, ती मानेपाशी. चाकाची खुर्ची मोडली होती. पाटील म्हणाले, चालतो. एक्स-रे दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला. पाटील भिंतीला पाठ लावून आडवे आडवे निघाले, खेकड्यासारखे. मला आधी वाटलं पाय दुखतो म्हणून. भिंत संपली आणि उघडं अंगण आलं, तिथं ते थांबले. अंगणात बाजाराएवढी गर्दी. मी म्हटलं, "चला पाटील, कोणी पाहत नाही."

ते हळूच म्हणाले, "तुम्ही पाहून राहिले ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर कागदावर सही केली आणि घरी गेले. महिन्याभरानं परत आणले तेव्हा पाय काळा पडला होता. कापावा लागला. धोतर नेसू दिलं असतं तरी फोटो निघालाच असता. जखम घोट्याला होती. घोटा धोतराच्या बाहेरच असतो. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. नंतर मात्र बऱ्याचदा सुचलं, गाडीवरून कुडव्याला घरी जाताना, जेवताना, कोणाच्या लग्नात पाटलासारखा कोणी धोतरवाला दिसला की.

आता सतरा नंबर.

नाव भागरताबाई. गोरेगावच्या पुढच्या एका खेड्यातली सत्तरी ओलांडलेली बाई. धान निघालं होतं, खळ्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सोबत लेक मैना. भागरता आजी गावची दाई होती. दवाखाना गावाच्या जवळ आला तसं ते काम सुटलं, पण अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण पाया पडायला वाकायचा आणि पायाला बांधलेल्या वजनात अडकायचा. मोडलेलं हाड ताणून धरायला आम्ही पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाकडून वजन सोडतो. म्हणजे माणूस खाटेला जवळजवळ खुंट्याला बांधल्यासारखाच. तिनं गाऊन घालायला नकार दिला होता. आमच्या इन्चार्ज मेश्राम सिस्टरनं तिचं लुगडं राहू दिलं. सिस्टरला अशा गोष्टी न सांगता कळायच्या. मला सांगूनही वेळ लागायचा.

त्या दिवशी आजीचे व्याही आले होते. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायासमोर बाईमाणूस पदर नीट करून, बेतानं बोलतं; मग ते माणूस खाटेला बांधलेलं का असेना. इवाईबुवा एसटीनं आले होते, हातात बिस्किटाचा पुडा आणि पेरू. टोपी काढून खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. आजीनं निजल्या निजल्या डोक्यावरून पदर घेतला. "आता बरं वाटते का इहीनबाई?" एवढं ते म्हणाले असतील.

मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी. डॉक्टर जिन्यात आलेले आणि सतरा नंबरच्या कागदावर एक रकाना रिकामा. तिथून तिची खाट तीस पावलं. मी ती नंतर मोजली. त्या वेळी मोजली असती, म्हणजे चाललो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण सकाळपासून मी बारा माणसं उचलली होती आणि खुर्चीवर नुकताच टेकलो होतो. मी बसूनच ओरडलो.

माझ्या आवाजाबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक. आमच्या गावच्या मंडळात अठरा वर्षं मी हवालदार होतो. वाक्यं तीनच, पण शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत ती पोचली पाहिजेत, असा माझा अभ्यास. तोच आवाज मी नोकरीत वापरायचो. मेश्राम सिस्टर नेहमी म्हणायच्या, "ब्रदर, ये स्टेज नहीं है." मी ते कौतुक समजायचो.

"सतरा नंबर, संडास झाली का?"

इवाईबुवांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी पाहतच राहिले. भिंतीपलीकडून पुरुषांमधला कोणीतरी फिसकन हसला. आजीनं कपाळावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. आणि उत्तर आलं नाही म्हणून मी, अठरा वर्षांचा अनुभवी नट, पुन्हा ओरडलो, "झाली का नाही?"

मैना धावत आली. "नाई झाली म्हनते," ती म्हणाली. मी लिहिलं. रकाना भरला. डॉक्टर आले. इवाईबुवा पेरू ठेवून कधी गेले ते मी पाहिलं नाही.

पुढचे दोन दिवस कागद झकास होता. मी मैनाला विचारायचो, "पाणी किती प्याली?" ती म्हणायची, "दोन लोटे." मी दोन लोटे लिहायचो. माझ्या कागदावर आजी विहिरीसारखी पाण्यानं भरलेली होती. मंगळवारी सकाळी मेश्राम सिस्टरनं तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. ओठ फाटलेले, जीभ लाकडासारखी. सलाईन लावलेलं होतं, पण बाटली तर जशीच्या तशी. सिस्टरनं नळीवरचं चाक पाहिलं. बंद. आजीचा हात लुगड्याखालून नळीपर्यंत पोचत होता. आम्ही चाक फिरवून गेलो की ती हळूच उलटं फिरवायची. दाईच ती. आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येतं हे तिला आमच्याइतकंच ठाऊक.

रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीचा आकडा वर गेला होता. गुरुवारी तिचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आकडा उद्या सकाळपर्यंत खाली आला नाही तर भूल देणारे डॉक्टर हिला हात लावणार नाहीत. मग पुढची यादी, नाहीतर नागपूर. आणि त्या वयात खुबा मोडून पडून राहणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. आधी पाठीला जखमा, मग छातीत कफ, मग खाट रिकामी. डॉक्टर म्हणाले, लघवीची नळी टाका. आजीनं आयाकडे असं पाहिलं की आया नळी घेऊन परत गेली.

सिस्टरनं मैनाला बाजूला घेतलं. मैना रडायला लागली. पाणी ती मोरीत ओतत होती, आईनंच शपथ घातली होती. "ती म्हनते, पोटात काई गेलंच नाई, तं कोनी इचारनारच नाई."

हे मी भिंतीशी उभं राहून ऐकलं. मला पाटील आठवले, भिंतीला पाठ लावून चाललेले.

मी खाटेशी गेलो. हळू बोलायचं ठरवून गेलो होतो. "आजी, माझं चुकलं," म्हटलं, आणि पलीकडच्या पुरुषांमधून आवाज आला, "काय चुकलं गा ब्रदर?" माझं हळू बोलणंसुद्धा भिंत ओलांडायचं. आजीनं तोंड फिरवलं.

मग सिस्टर बसल्या तिच्याशी. आजी सिस्टरशी बोलली. "तुह्यावर राग नाई बाई. पन आता साऱ्यायचे डोरे माह्या खाटेवर हायेत. आया भांडं घेऊन निंगाली का सारे ओरखतेत, हे सतरा नंबरचं. मी आता सतरा नंबरच झाली. चाळीस जनायचे डोरे कोन झाकनार?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ब्रदर, स्क्रीन आणा."

इथं मला दुसरी चूक सांगितली पाहिजे. पहिलीपेक्षा जुनी आणि जास्त लाजिरवाणी.

आमच्या वॉर्डात एक स्क्रीन होता. लोखंडी नळ्यांची घडीची चौकट, खाली चाकं, वर हिरवं कापड. खाटेभोवती उभा केला की माणसाला चार भिंती मिळतात. चाळीस खाटांना एक. त्या वर्षी आमच्या मंडळाच्या नाटकात गावच्या सावकाराचा बंगला होता, आणि बंगल्याच्या खिडकीला पडदा हवा होता. दिग्दर्शक म्हणाले, हिरवा असेल तर शोभेल. मी म्हटलं, बघतो. कापड काढलं, पिशवीत घातलं, गाडीला अडकवलं आणि गावी नेलं. एका प्रयोगापुरतं. तेव्हापासून सिस्टर विचारायच्या, स्क्रीनचं कापड कुठे आहे, आणि मी सांगायचो, धुलाईला. महिनाभर ते धुलाईत होतं. चौकटीवर माझं हेल्मेट आणि आयाची डब्याची पिशवी लटकायची.

मी बाहेर जाऊन मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावला. म्हटलं, पडदा आत्ताच्या आत्ता पाठव. तो म्हणाला, "पडदा? तो तं देवरीकडं गेला ना. तिकडच्या नाटकाच्या पार्टीनं मागून नेला. आठ दिवसांनं येईन. कायले पायजे?"

मी फोन ठेवला.

परत आलो. चौकट ओढत आणली, हेल्मेट काढलं आणि खाटेपाशी उभी केली. नुसत्या नळ्या. त्यातून पलीकडचे सगळे जसे आधी दिसत होते तसेच दिसले, फक्त चौकटीत बसवल्यासारखे. दवाखान्याची पांघरुणं होती, पण एवढी विरलेली की त्यातून पेपर वाचता आला असता. आजी पदराच्या फटीतून हे सगळं पाहत होती. मग तिचा आवाज आला. दोन दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा.

"मी बाया मोकळ्या केल्या त्या खोलीले दरवाजाच नोता. मंग का त्यायले उघड्यावर टाकलं? दोघी जनी लुगडं धरून उभ्या राहत. तोंड तिकडं, पाठ इकडं. अन् बोलत राहत."

"काय बोलत?" मी विचारलं.

"काईबी. धानाचं बोलत, भांडनाचं बोलत. आतला आवाज बाहेर नाई गेला पायजे. माह्या हातानं केवढ्या बाया मोकळ्या झाल्या. एकीचं अंग मी गावाले दिसू देल्लं नाई."

मैनानं पिशवीतून आईचं दुसरं लुगडं काढलं. नऊवारी, जाड, निळं. एक टोक चौकटीला बांधलं. दुसरं धरायला माणूस पाहिजे होता, उंच आणि दुसरं काही काम न येणारा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोक दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, तोंड वॉर्डाकडे आणि पाठ आजीकडे. आत सिस्टर, आया आणि मैना.

वॉर्ड शांत. वॉर्ड इतका शांत मी डॉक्टरांच्या राउंडलाही पाहिला नव्हता. चाळीस खाटांवरून सगळे त्या निळ्या लुगड्याकडे बघत होते. आत काचेच्या बांगड्यांचा आवाज, बेडपॅनचा पत्रा खाटेला लागल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही. आजी थांबून होती. सगळा वॉर्ड ऐकत असताना कोणाला होणार?

आतून आजीचा आवाज आला, "बोल नं बे! एवढ्या दिवस तोंड बंद होत नव्हतं तुहं."

मला धानाचं काही सुचेना. भांडणाचंही सुचेना. वर धरलेले हात भरून आले होते. डोक्यात फक्त तीन वाक्यं होती, अठरा वर्षांची. मी छाती भरून घेतली आणि म्हटलं:

"थांबा! या घराला चहूबाजूंनी वेढा पडला आहे! कोणीही जागचं हलू नका!"

हाडांच्या वॉर्डात. निम्म्यांच्या पायाला वजनं बांधलेली.

भिंतीपलीकडून एक जण म्हणाला, "हलून कोन राहिलं गा इथं?" आणि वॉर्ड फुटला. बरगड्या मोडलेला एक ट्रॅक्टरवाला हसायलाही लागला आणि दुखतं म्हणून रडायलाही लागला. मी दुसरं वाक्य टाकलं: "साहेब, आरोपी मागच्या दारानं पसार झाला!" तिसरं टाकलं: "चला, चावडीवर चला!" कोणी टाळ्या वाजवल्या. कोणी ओरडलं, "हमको भी ले चलो हवालदारसाहब, यहाँ तो टांग बँधी है." सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. हात वर, लुगड्याचा काठ तोंडावर येतोय, घाम गळतोय आणि मी पुन्हा पहिल्या वाक्यावर आलोय. लुगड्याकडे आता कोणी पाहत नव्हतं.

आत काय झालं ते मला कळलं नाही. कळायचंही नव्हतं. सिस्टर भांडं झाकून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "हो गया. बंद करो अब." मग मैनाचा आवाज आला, "माय पानी मांगून राहिली."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार वेळा प्रयोग झाला. तिसऱ्या खेपेला पुरुष मला वाक्यं आधीच सांगायला लागले, चौथ्या खेपेला माझ्याऐवजी तेच बोलले. सलाईनचं चाक कोणी बंद केलं नाही. बुधवारी सकाळी रिपोर्ट आला तेव्हा आकडा उतरला होता. गुरुवारी ऑपरेशन झालं. मी मात्र त्या दिवसापासून दवाखान्यात हवालदार झालो, तो निवृत्तीच्या निरोपापर्यंत. शाल देताना मोठ्या साहेबांनीसुद्धा माझं खरं नाव शेजारच्याला विचारून घेतलं. म्हणजे सतरा नंबर होणं काय असतं ते मलाही थोडं कळलं.

ऑपरेशननंतर आजी दहा-बारा दिवस होती. मी तिचं अंग पुसायला कधी गेलो नाही, ते सिस्टरचं काम. पण उचलायला, कूस बदलायला लागायचो, आणि ती मला शिकवायची. "पांघरून काढाच्या आधी दुसरं घालाचं. हात लावाच्या आधी सांगाचं, हात लावून राहिलो म्हनून. अन् इचाराचं असन तं कानापाशी येऊन इचाराचं. कान हाय माह्याले." आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात हे सगळं होतं. परीक्षेत मी त्यावर चांगले गुण मिळवले होते.

यापुढे मी सुधारलो, असं लिहायचा मोह होतो आहे. संपादकांना आवडेल. खरं सांगायचं तर, त्यानंतरच्या वर्षांत ती तीस पावलं मी पुष्कळदा चाललो आणि पुष्कळदा चाललो नाही. एका पाळीत चाळीस माणसं असली की तीस पावलांचं काय होतं याचा हिशेब तुम्हीच करा. ज्या दिवशी चाललो त्या दिवशी पाय दुखले. नाही चाललो त्या दिवशी दुसरं काहीतरी दुखलं. ते अजून दुखतं. पाटलांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं, नागऱ्याच्या देवळाबाहेर, कुबड्यांवर. धोतर व्यवस्थित नेसलेलं, एक सोगा रिकाम्या बाजूला नीट दुमडून खोचलेला. ते मला ओळखत होते की नाही, माहीत नाही. मी गर्दीत मागं सरलो. पाठ देवळाच्या भिंतीला लागली तेव्हा थांबलो.

तर आजीच्या सुट्टीच्या दिवशी देवरीहून पडदा आला. मी तो घरी धुतला, इस्त्री केली, चौकटीवर चढवला आणि वॉर्डातून मिरवत सतरा नंबरपाशी आणला. कापडाला रंगभूषेचा वास अजून होता आणि खालच्या कोपऱ्यात कोणा नटाच्या विडीनं पाडलेलं भोक. सिस्टरना म्हटलं, "बघा, आली धुलाई." आजीला लुगडं बदलून घरी जायचं होतं. मी मोठ्या ऐटीत पडदा खाटेभोवती उभा केला आणि बाहेर तोंड करून उभा राहिलो.

आतून मैनाचा आवाज आला, "अवो माय! हा तं मंडईतल्या नाटकाचा पडदा होय! सावकाराच्या बंगल्याच्या खिडकीले होता नं? हे पाह्य, शिक्का. तवा मी तुले वाचून दाखोला होता, सावकाराच्या खिडकीवर 'स्त्री अस्थिरोग विभाग' लिवलं हाय म्हनून. किती हासलो आपन!"

मेश्राम सिस्टर पडद्याकडून माझ्याकडे सावकाश वळल्या. "धुलाई?" एवढंच म्हणाल्या.

चोरी पकडली गेली होती. चाळीस खाटा ऐकत होत्या. पण नट तो नट. मला दुसरंच सुचलं. अठरा वर्षांत गावाबाहेरचा एकही प्रेक्षक मला समोरासमोर भेटला नव्हता. मी पडद्याला तोंड लावून, या खेपेला अगदी हळू, आजीच्या कानापाशी जाईल एवढ्याच आवाजात विचारलं, "आजी, म्हणजे तुम्ही आमचं नाटक पाहिलं? हवालदार कसा वाटला?"

आत लुगड्याच्या निऱ्या झटकल्याचा आवाज झाला.

"तो हवालदार तू होता का?" आजी म्हणाली. "मी तिसऱ्या वळीत बसली होती. तुहा एक शबुद आयकू नाई आला. मले वाटलं, मुका हवालदार दाखोला असन." मग साऱ्या वॉर्डाला पोचेल अशा आवाजात म्हणाली, "जिथं बोंबलाचं तिथं मुका, अन् जिथं कानात इचाराचं तिथं बोंबल्या. तुले दोन्ही कामावरून काहाडलं पायजे."